'वर देणे' आणि 'खाली मोडणे'

मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तम गुणांनी बाहेर पडलेला एखादा तरुण डॉक्टर इंग्लंडमधल्या रुग्णालयात रुजू होतो. त्याची सारी पुस्तके इंग्रजीत होती, परीक्षा इंग्रजीत झाल्या, तिकडे जाण्यापूर्वी भाषेची वेगळी परीक्षाही तो देऊन आलेला असतो. इंग्रजीची भीती त्याच्या मनात नाही. आणि मग समोरच्या खाटेवरची एक म्हातारी त्याला सांगू लागते. रात्रीतून दोनदा 'थ्रो अप' झाले. पोटात काही 'कीप डाऊन' होत नाही. पहाटे न्हाणीघरात 'पास आऊट' झाले, 'कम राऊंड' झाले तेव्हा लेक शेजारी बसली होती. गुडघ्याचे जुने दुखणे पुन्हा 'फ्लेअर अप' झाले आहे आणि कालच्या गोळीचा अंमल आता 'वेअर ऑफ' होत चालला आहे.

डॉक्टरला उलटीसाठी 'व्हॉमिटिंग' ठाऊक आहे, शुद्ध हरपण्याला 'सिंकोपी' म्हणतात हेही ठाऊक आहे. तो शब्द खुद्द त्या म्हातारीला ठाऊक नसेल. पण हिने काय वर फेकले, काय खाली ठेवायचे आहे आणि ही बाहेर कुठे गेली होती? म्हातारीच्या बोलण्यात अवघड शब्द एकही नाही. थ्रो, कीप, पास, कम, अप, डाऊन, आऊट हे सारे आपल्याकडे पाचवीतल्या मुलाने शिकलेले शब्द. अडचण आहे ती त्यांच्या जोड्यांची.

या जोड्यांना इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. साधे, छोटे क्रियापद घ्यायचे, त्याच्या मागे अप, डाऊन, इन, आऊट, ऑन, ऑफ यांपैकी एखादे अव्यय लावायचे आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ करायचा. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे नव्हे, नाद सोडणे. 'ब्रेक डाऊन' म्हणजे खाली मोडणे नव्हे, बंद पडणे किंवा ढसाढसा रडू लागणे. 'पुट अप विथ' या तीन शब्दांत ठेवणेही नाही, वरही नाही आणि सोबतही नाही. त्याचा अर्थ मुकाट्याने सोसणे.

ही तक्रार आपलीच आहे असे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ लिहिले आहे की क्रियापदामागे अव्यय लावून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत जास्त अडवते. म्हणून त्यांनी अशा जोड्या मुद्दाम वेचून कोशात घातल्या. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच नंतर आले. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात ते वापरले, आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे नोंदवून ठेवले.

पुढे १९३० साली सी. के. ऑग्डेन यांनी 'बेसिक इंग्लिश' नावाची योजना मांडली. जगाला इंग्रजी सोपे व्हावे म्हणून त्यांनी सारी भाषा ८५० शब्दांत बसवली आणि त्यात क्रियापदे ठेवली जेमतेम अठरा. चर्चिलसाहेबांनाही या योजनेचे मोठे कौतुक होते. पण अठरा क्रियापदांत संसार चालवायचा तर एकेकाला दहा-दहा अव्यये जोडावी लागणार. शब्द ८५०च राहिले, त्यांच्या जोड्यांचे अर्थ मात्र वेगळे पाठ करावे लागले. परकीयाच्या डोक्यावरचे ओझे खांद्यावर आले, एवढाच फरक.

कचेरीच्या दाराने आलेली भाषा

इंग्रजी शिकण्यात एवढी वर्षे घालवूनही आपल्याला ही जोडक्रियापदे परकी का वाटतात? माझ्या मते याचे कारण आपल्या बुद्धीत शोधू नये. इंग्रजी आपल्याकडे कोणत्या दाराने आली ते पाहावे.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली, देवळात आणि विद्यापीठात लॅटिन होतीच. इंग्रजी उरली शेतात, चुलीपाशी आणि बाजारात. पुढे इंग्रजीने पुन्हा डोके वर काढले तेव्हा तिच्यात दोन थर तयार झाले होते. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हा वरचा, कागदोपत्री थर. आणि 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू' हा खालचा, घरातला. इंग्रज माणूस मुलावर रागावतो, बायकोशी भांडतो, डॉक्टरला दुखणे सांगतो ते या खालच्या थरातल्या शब्दांनी.

आपल्याकडे इंग्रजी आली ती १८५७च्या मुंबई विद्यापीठातून, कायद्याच्या पुस्तकांतून, सरकारी खलित्यांतून. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर पिढ्या वाढल्या, मग 'रेन आणि मार्टिन'च्या व्याकरणावर. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत, ते नाकारायचे नाहीत. पण तिथे भेटली ती दिवाणखान्यातली इंग्रजी. माजघरात आपल्याला कोणी बोलावलेच नाही.

उलट बाजूने पाहिले म्हणजे हे चटकन ध्यानात येते. समजा, एखादा परदेशी माणूस केवळ सरकारी परिपत्रके वाचून मराठी शिकला. तो तुमच्या घरी जेवायला आला आणि म्हणाला, 'मी आंबा भक्षण केला. सांप्रत प्रस्थान करण्याची अनुमती असावी.' व्याकरणाची चूक नाही, पण घरातली पोरे पदर तोंडात धरून हसतील. आपल्या इंग्रजी पत्रांतले 'किंडली टॉलरेट द इनकन्व्हिनियन्स' इंग्रजाच्या कानाला साधारण असेच ऐकू येत असावे. आणि त्याच परदेशी माणसाला 'आंबा खाऊन टाक' म्हटले, तर तो बिचारा आंबा खाऊन मग काय टाकायचे, याचा विचार करीत बसेल.

टाकणे, काढणे, बसणे

खरी गंमत इथे आहे. आपण ज्या गोष्टीला इंग्रजीचा विक्षिप्तपणा म्हणतो ती मराठीत सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते. इंग्रजी क्रियापदामागे अव्यय लावते, आपण क्रियापदामागे दुसरे क्रियापद लावतो. व्याकरणकारांनी यांना संयुक्त क्रियापदे म्हटले आहे. खरी संयुक्त क्रियापदे कोणती, यावर वाद भरपूर झाले. आपण त्या वादात न शिरता एकच धातू घेऊन पाहू.

लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक. लिहिण्याची क्रिया पाचही ठिकाणी तीच. पण 'लिहून घे' म्हणजे कोणी सांगतो आहे आणि ते तुझ्या उपयोगाचे आहे. 'लिहून दे' म्हणजे गरज दुसऱ्याची. 'लिहून ठेव' म्हणजे पुढे लागेल. 'लिहून काढ' म्हणजे सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. 'लिहून टाक' म्हणजे एकदाचे हातावेगळे कर. आणि कोणी रागाच्या भरात 'राजीनामा लिहून बसला' म्हटले, तर त्यात बसण्याचा काही संबंध नाही. नको ते करून मोकळा झाला, एवढी सगळी हळहळ त्या एका 'बसला'मध्ये आहे. हे आपल्याला कोणत्या इयत्तेत शिकवले? कुठल्याच नाही.

आता इंग्रजीकडे वळा. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाक. 'सेल ऑफ' विकून टाक, 'पे ऑफ' फेडून टाक. या 'अप'ला वर जायचे नाही आणि आपल्या 'टाक'ला काही फेकायचे नाही. दोघेही एवढेच सांगतात की काम अर्धवट राहता कामा नये.

'आऊट'ची गोष्ट तर याहून सरस आहे. 'फाइंड आऊट' शोधून काढणे, 'राइट आऊट' लिहून काढणे, 'वाइप आऊट' पुसून काढणे, 'पिक आऊट' निवडून काढणे, 'रिंग आऊट' कपडा पिळून काढणे, 'कार्व्ह आऊट' कोरून काढणे. आतले बाहेर आणण्याची कल्पना त्यांनी 'आऊट'मध्ये घातली, आपण 'काढणे'मध्ये. 'ऑन' म्हणजे चालू राहणे: 'टॉक ऑन' बोलत राहणे, 'वॉक ऑन' चालत राहणे. 'अवे' बहुतेक वेळा आपला 'जाणे' असतो: 'रन अवे' पळून जाणे, 'वॉश अवे' वाहून जाणे. 'सिट अप' म्हणजे उठून बसणे. तिथे तर दोन्ही भाषा जवळजवळ हातात हात घालून चालतात.

दुसरीही एक तऱ्हा आपल्याकडे आहे. पुढे ढकलणे, मागे घेणे, हाती घेणे, पार पाडणे, उचलून धरणे. परीक्षा पुढे ढकलली म्हणताना ढकलाढकली कोणी पाहिलेली नसते. 'पुट ऑफ' हा तिचा सख्खा भाऊ. गैरसमज होतो तो एवढ्याचसाठी की आपण आपले विशेषण-अव्यय आधी ठेवतो आणि इंग्रज ते मागून जोडतो.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला चालेल असा दावा मी करणार नाही. 'टर्न अप' म्हणजे अवचित उगवणे आणि 'टर्न डाऊन' म्हणजे नकार देणे, हे कोणत्याही कोष्टकात बसवता येत नाही. घर जळाले तर ते 'बर्न डाऊन' होते आणि कागद जळाला तर 'बर्न अप'. घर खाली कोसळते आणि कागदाचा धूर वर जातो, असे म्हणून समाधान करून घ्यायचे. बॉम्ब फुटला तरी 'वेंट ऑफ' आणि दिवे गेले तरी 'वेंट ऑफ', याला मात्र काही इलाज नाही. तरीही शंभर जोड्या आंधळेपणाने घोकण्यापेक्षा दहा अव्ययांचे स्वभाव ओळखून घेणे केव्हाही सोपे. बर्मिंगहॅमला प्रा. जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या कोबिल्डच्या १९८९ सालच्या फ्रेझल व्हर्ब कोशात शेवटी अव्ययांची स्वतंत्र सूची दिली आहे ती याच विचाराने. आपल्या शिक्षकांनी त्या सूचीपुढे मराठी 'टाकणे', 'काढणे', 'राहणे' लिहून दाखवावे, एवढेच माझे म्हणणे.

ओव्हरटेक आणि टेकओव्हर

पूर्वीच्या इंग्रजीत ही अव्यये क्रियापदाच्या पुढेच असत. 'अंडरस्टँड', 'विदस्टँड', 'अपहोल्ड' ही त्या काळाची शिल्लक. मध्ययुगात ती हळूहळू मागे सरकली. काही ठिकाणी जुनी आणि नवी अशा दोन्ही जोड्या राहून गेल्या, आणि त्यांचे अर्थ इतके दूर गेले की एकाच घरातले म्हणून ओळखू येऊ नयेत. घाटात एस.टी. ट्रकला 'ओव्हरटेक' करते. मोठी कंपनी छोटीला 'टेकओव्हर' करते. शब्द तेच दोन. सूनबाई 'अपसेट' असतात आणि धाकट्या दिराचा दुकानाचा 'सेटअप' चालू असतो. शब्द पुन्हा तेच. 'अपहोल्ड' म्हणजे उचलून धरणे, पण 'होल्ड अप' म्हणजे वाटेत अडवणे, प्रसंगी पिस्तूल दाखवून.

आपल्या पूर्वजांना यात काही नवल वाटले नसते. हृ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार होतात हे संस्कृतच्या तासाला आपण सर्वांनीच ऐकले आहे. जेवण, भटकंती आणि विनाश यांत समान काय, हे कोणी विचारले नाही. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे वेदांच्या भाषेत हे उपसर्ग क्रियापदाला चिकटलेले नसत. ते मोकळे फिरत, कधी मध्ये इतर शब्द येत, कधी चक्क क्रियापदाच्या मागे उभे राहत. पाणिनीने याची नोंद करून ठेवली आहे. पुढच्या संस्कृतात ते क्रियापदापुढे कायमचे बांधले गेले. इंग्रजीने वाट धरली ती नेमकी उलटी.

आणि तसे पाहिले तर मराठी घराला ही जोडक्रियापदे काही अनोळखी नाहीत. गिरणगावातल्या निरक्षर कामगारालाही 'लॉकआऊट' आणि 'ले-ऑफ' यांतला फरक कळत होता, कारण त्यावर घरची चूल अवलंबून असे. विधानसभेत 'वॉकआऊट' होतो. रस्त्यात गाडी 'ब्रेकडाऊन' होते, स्कूटरचा 'पिकअप' जातो, डॉक्टरकडे 'चेकअप' असते. शेजारच्या मुलीचे 'कटऑफ'मुळे कॉलेज हुकते. 'फॉलोऑन' म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. २००१ साली कोलकात्याला फॉलोऑननंतर भारताने ऑस्ट्रेलियाला हरवले, त्या सामन्याचे धावफलक अनेकांना पाठ आहेत. २०२० साली तर 'लॉकडाऊन' हा शब्द वाडीवस्तीवरच्या आजीच्या तोंडी गेला. फरक इतकाच की आपण हे सारे नाम म्हणून घेतले आणि जिथे क्रियापद हवे तिथे आपले 'करणे' जोडले. 'लॉगइन कर', 'गाडी पिकअप कर', 'गिव्ह अप नको करूस'. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी यावर नाके मुरडावीत, हरकत नाही; पण परक्या क्रियापदाला दारात उभे करून त्याच्या पाठीवर आपले क्रियापद बसवण्याची ही युक्ती अस्सल मराठी आहे.

बोलताना मात्र हा नामाचा सराव थोडा आड येतो. 'मेकअप' हे नाम उच्चारताना इंग्रज जोर देतो 'मेक'वर. पण 'मेक अप' हे क्रियापद असेल, म्हणजे भांडण मिटवणे किंवा थाप रचणे, तर जोर 'अप'वर जातो. आपण दोन्ही ठिकाणी पहिल्यावरच जोर देतो आणि ऐकणारा क्षणभर थबकतो. दुसरी अडचण सर्वनामाची. 'टर्न ऑफ द फॅन' चालते, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालते. पण पंख्याऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसले पाहिजे: 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर'मध्ये मात्र अशी फूट पाडता येत नाही. व्याकरणाचे एवढे दोन नियम पुरतात, बाकीचे कानावर सोपवावे.

काही जोड्या आपण इथेच घडवल्या. कारकून साहेबापुढे फाईल 'पुट अप' करतो, म्हणजे सादर करतो. मुंबईत जुने लोक विचारतात, 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' आणि मुलगा अभियांत्रिकीतून 'पास आऊट' होतो. हा शेवटचा लष्करी संचलनातून आलेला असल्याने त्याला इंग्लंडातही आधार आहे, पण तिथल्या सामान्य माणसाला त्याचा पहिला अर्थ चक्कर येऊन पडणे हाच सुचणार. या देशी जोड्यांना सरसकट चूक म्हणणे मला पटत नाही. दीडशेहून अधिक वर्षे इथे राहिलेल्या भाषेला इथली सवय लागायचीच. तरी परदेशी नोकरीच्या अर्जात 'अमुक साली पास आऊट झालो' असे लिहिण्याआधी वाचणारा कोण आहे, याचा विचार करावा. आणि 'कोप अप विथ' तेवढे सोडून द्यावे. 'कोप'ला 'अप' लागत नाही, 'कोप विथ' पुरे.

कधी कधी मात्र अशा जोडशब्दाची किंमत फार मोठी असते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे गेली. डच विमानातून नियंत्रकाला कळवले गेले होते की आम्ही आता 'ॲट टेक-ऑफ' आहोत. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी थांबले आहे. विमान प्रत्यक्षात धावू लागले होते. अपघाताची कारणे अनेक होती, एकटा हा शब्द दोषी नव्हे. पण त्यानंतर नियम कडक झाला. उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच 'टेक-ऑफ' म्हणायचे. एरवी त्याच अर्थाने 'डिपार्चर' हा लॅटिन कुळातला, निःसंदिग्ध शब्द वापरायचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधीच्या आपल्या पिढ्यांना ती बहुधा पाचवीत भेटली, तीही फळ्यावर. आजची मुले ती कार्टूनमधून आणि मोबाईलमधून उचलतात, आणि तिथली इंग्रजी माजघरातली असते. म्हणून अनेक घरांत दृश्य असे दिसते की पदवीधर आजोबांना 'प्रोक्रॅस्टिनेशन'चे स्पेलिंग येते आणि नातू 'हँग आऊट', 'चिल आऊट', 'फिगर आऊट' म्हणतो ते त्यांना कळत नाही. नातवाला विचारावे, तो भाव खाऊन का होईना, सांगेल. उलट त्याला मराठीतला 'बोलून बसला' समजावून द्यावा. त्याची तिथे पंचाईत होते.

स्वयंपाकघर हा या देवाणघेवाणीचा उत्तम वर्ग. भाजी चिरून ठेव: 'चॉप अप'. भांडे विसळून काढ: 'रिन्स आऊट'. कालची आमटी संपवून टाक: 'फिनिश ऑफ'. तेल संपत आले: 'रन आऊट' व्हायच्या बेतात आहे, इथे क्रिकेटप्रेमी नातू हटकून हसतो. आणि एवढे बोलत बसलात तर दूध उतू जाईल. इंग्रजीत त्याला 'बॉइल ओव्हर' म्हणतात. 'ओव्हर' म्हणजे काठावरून पलीकडे, ते सरळ ओट्यावर.